दोष एकट्या नराचाच का?

सिंधुदुर्गातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचं सार देते. नवरा-बायको मिळून तीन वर्षं वराहपालन करतात. सुरुवातीला लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या चार माद्या आणि एक नर आणला. पुढे घरच्याच वेतांतल्या तीन माद्या ठेवल्या. आज सात माद्या आणि तोच नर आहे. आतापर्यंत १९ वेतांत १५६ पिल्लं झाली. त्यातली १८ 'खोटी' निघाली: सहा नर पिल्लांच्या अंडकोषात आतडं उतरलेलं, दोन पिल्लांना गुदद्वारच नाही, तीन पिल्लांचे मागचे पाय फाकलेले आणि एका वेतातली सातच्या सात पिल्लं थरथरणारी. नवऱ्याचं म्हणणं, दोष नराचा आहे. दुसऱ्या जिल्ह्यातला एक माणूस पैदाशीसाठी त्याला मांसाच्या भावाच्या दुपटीने घ्यायला तयार आहे, तेव्हा न बोलता देऊन टाकू. सासूबाई म्हणतात, गाभण असताना ग्रहण लागलं, पोटाला गेरू लावायला हवा होता. शेजारच्या तीन घरांनी यांच्याकडून पाच माद्या नेल्या आहेत आणि त्या माजावर आल्या की याच नराकडे आणतात. त्यातल्या एका घरी परवा गुदद्वार नसलेलं पिल्लू जन्मलं. ताई विचारतात, "नर विकू का? शेजाऱ्यांना सांगू का? सांगितलं तर आमच्याकडून पुन्हा कोण घेईल? आणि रक्त तपासून हे कळतं का?"

ताई,

पत्राबरोबर वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. जनावरांच्या दवाखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण वेताची तारीख, नर-मादी, मेलेली-जगलेली असं सगळं मांडलेली वही माझ्यासमोर क्वचित आली. ही वही नसती तर मीसुद्धा तुमच्या यजमानांसारखीच नराकडे बोट दाखवून मोकळी झाले असते. तेव्हा आधी वहीच वाचू.

ते १८ पहिल्यांदा सोडवून घेऊ. एका रकान्यात लिहिली म्हणून ती सगळी एका कारणाची होत नाहीत. जन्मतः असलेलं व्यंग आणि वंशातून आलेलं व्यंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या फार सहज एक करून टाकतो.

१९३३ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फ्रेड हेल या संशोधकाने एका डुकरिणीची नोंद प्रसिद्ध केली. तिला ११ पिल्लं झाली आणि एकालाही डोळ्यांची बुबुळंच काय, डोळेच नव्हते. कुणीही म्हणालं असतं, रक्तच खोटं. पण त्या मादीच्या आहारात जीवनसत्त्व 'अ' नव्हतं. त्याच आंधळ्या डुकरांना पुढे पुरेसं जीवनसत्त्व 'अ' देऊन त्यांच्याकडून पिल्लं घेतली, तर ती डोळस झाली. यातून माझ्यासारख्या गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरला एक आडाखा मिळाला. वेतातली सगळीच पिल्लं एकाच तऱ्हेने बिघडली असतील तर आधी आहार, आजार, औषध, विष यांच्याकडे बघायचं. बहुतेक पिल्लं निरोगी आणि मध्येच एखाद-दुसरं व्यंगाचं, तेही एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा, असं दिसलं की वंशाकडे वळायचं. हा नियम नव्हे, पण सुरुवातीला दिशा देतो.

म्हणून तुमचं थरथरणाऱ्या सात पिल्लांचं वेत मी वेगळं काढते. पिल्लांची ही जन्मजात थरथर बहुतेक वेळा आईच्या पोटात असताना झालेल्या विषाणूच्या संसर्गाने होते. त्यातला एक विषाणू तर अलीकडेच, २०१५ च्या सुमारास ओळखला गेला. स्वाइन फिव्हरच्या विषाणूनेही असं होतं. वंशातून येणारी थरथरही आहे, पण ती क्वचित. लँडरेस जातीतल्या एका प्रकारात तर फक्त नर पिल्लं थरथरतात. तुमच्या वेतात तीन माद्याही थरथरत होत्या, जात वेगळी आणि त्याच मादीची आधीची-नंतरची वेतं स्वच्छ. हा हिशेब नराच्या नावावर टाकू नका. त्याऐवजी स्वाइन फिव्हरची लस शेवटची कधी टोचली ते बघा. वहीत मला ती तारीख दिसली नाही. लसीचं वेळापत्रक पशुवैद्यकांबरोबर बसून ठरवा. गाभण मादीला परस्पर टोचू मात्र नका.

पाय फाकलेली तीन पिल्लं गोठ्यात गुळगुळीत लादी बसवल्यानंतरच्या महिन्यातली आहेत, हे तुम्हीच समासात लिहून ठेवलंय. या दुखण्यात वंशाचा थोडा वाटा असतो, पण निसरडी जमीन, आईच्या खाद्यातली बुरशी, स्नायूंची अपुरी वाढ असं बरंच काही त्यात येतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याला मी अशाच पिल्लांवरून सांगितलं होतं, "ही डुकरीण काढून टाका." त्याने ऐकलं आणि चांगली दुधाळ मादी मातीमोल भावात गेली. पुढच्या मादीच्या पिल्लांचेही पाय फाकले, तेव्हा मी खाली वाकून जमिनीला हात लावून पाहिला. जमीन तेलकट घसरडी होती. ती चूक माझी होती आणि तिची किंमत त्याने मोजली. अशा पिल्लाच्या मागच्या पायांना मध्ये काही बोटांचं अंतर ठेवून मऊ चिकटपट्टी सैल बांधायची, खाली गोणपाट टाकायचं, दर थोड्या वेळाने आचळाला लावायचं. दूध पोटात गेलं तर बहुतेक पिल्लं आठवड्याभरात उभी राहतात.

आता उरली आठ पिल्लं. सहा हर्नियाची, म्हणजे अंडकोषात आतडं उतरलेली, आणि दोन गुदद्वार नसलेली. ही मात्र वंशाच्या रकान्यात ठेवायला हवीत.

इथे तुमच्या घरातल्या गृहीतकाला मला हात घालायचा आहे. "सगळ्यांचा बाप एकच, म्हणजे दोष बापाचा." ताई, तुमच्याकडे नर एकच आहे. प्रत्येक पिल्लाचा बाप तोच असणार, चांगल्याचा आणि वाईटाचाही. त्यामुळे बापावरून काहीच कळत नाही. आईवरून कळतं. मी पिल्लं आईवार मोजली. विकत आणलेल्या चार माद्यांपैकी क्रमांक १, २ आणि ४ यांची १० वेतं, ८३ पिल्लं, त्यात या आठांपैकी एकही नाही. क्रमांक ३ ची चार वेतं, ३५ पिल्लं, त्यात दोन हर्नियाची. घरच्या तिघींपैकी दोघी या क्रमांक ३ च्याच लेकी. त्यांची चार वेतं, ३० पिल्लं, त्यात पाच. तिसरी क्रमांक १ ची लेक, तिचं एकच वेत, आठ पिल्लं, त्यात एक.

क्रमांक ३ म्हणजे तीच, जिच्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "आमची सर्वांत गुणी, भरपूर दूध, कधी पिल्लू चेंगरत नाही." म्हणून तर तिच्या लेकी ठेवल्यात. निवड चुकीची नव्हती, फक्त तिच्या रक्तात आणखी काय आहे ते दिसत नव्हतं. मादीला अंडकोष नाही, म्हणून तिच्यात हा हर्निया दिसायची सोयच नाही. ती आयुष्यभर धडधाकट राहते आणि आपला वाटा मुलांना देत राहते. आपल्याकडे दिसणारा दोष नराचा आणि न दिसणारा कुणाचाच नाही, असं धरून चालतात. डुकरांच्या बाबतीत ते खोटं आहे.

हा वाटा म्हणजे काय, ते सांगते. हर्निया किंवा गुदद्वार नसणं हे एका जनुकाचं काम नाही. भातखाचरात पाणी किती वाटांनी येतं बघा: वरच्या खाचरातून, पऱ्ह्यातून, पावसातून. कुठलीच एक वाट मेर, म्हणजे खाचराचा बांध, फोडत नाही. सगळ्यांचं मिळून पाणी मेरेच्या वर गेलं की मग फुटते. तसे हे पुष्कळ जनुकांचे छोटे वाटे, काही बापाकडून, काही आईकडून, आणि थोडा पोटातल्या दिवसांचा भाग. क्रमांक १, २, ४ कडून पाणी कमी आलं, मेर टिकली. क्रमांक ३ कडून जास्त आलं. आणि तिच्या लेकी तर बापाचं आणि आईचं दोन्हीकडचं घेऊन जन्मल्या, मग त्यांना पुन्हा त्याच बापाकडे दाखवलंत.

हे जड जाईल, पण सांगायला हवं. तीन वर्षांत तुमच्या गोठ्यात बाप-लेक अशा मेळांतून पाच वेतं झाली. अशा पिल्लाच्या जनुकांच्या दर चार जोड्यांमागे सरासरी एका जोडीत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असतात. दबून राहिलेलं सगळं तिथे वर येतं. जुने पैदासकार नराची परीक्षा घ्यायला मुद्दाम त्याला त्याच्या लेकींवर सोडत. तुम्ही नकळत तीच परीक्षा घेतलीत. लेकींची वेतं लहान आहेत (सरासरी साडेसात, आयांची आठच्या वर) त्यालाही हे एक कारण असू शकतं. पण पहिलटकरणीचं वेत तसंही लहानच असतं, त्यामुळे त्यावर मी जोर देत नाही. आकडेही थोडे आहेत. आठ पिल्लांत एक यावरून क्रमांक १ च्या लेकीबद्दल मी शपथ घेणार नाही. ३० मध्ये पाच मात्र मला नजरेआड करता येत नाहीत.

रक्त तपासून कळतं का? काही दोष कळतात. डुकरांत एक दोष असा आहे की उन्हात, गाडीत चढवताना, मारामारीत जनावर एकाएकी ताठरतं, तापतं आणि मरतं. कापलं तर मांस फिकट आणि पाणी सुटलेलं निघतं. १९९१ साली कॅनडातल्या टोरोंटोच्या संशोधकांनी दाखवलं की हे एका जनुकाच्या लिपीतल्या एका अक्षराच्या बदलाने होतं. दोन्ही पालकांकडून ते आलं तरच जनावर बाधित, एकाकडून आलं तर वाहक. थेंबभर रक्तावर वाहक ओळखता यायला लागले आणि अनेक देशांनी आपल्या कळपांतून तो दोष जवळजवळ हद्दपार केला. तुमच्या दोन दोषांसाठी अशी एक चाचणी नाही, कारण तिथे एक अक्षर नाही. तिथे तपासणी म्हणजे तुमची वही.

ग्रहणाचंही उत्तर वहीतच आहे. डुकरीण ११४ दिवस गाभण असते, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस. ग्रहणाने झालं असतं तर त्या दिवशी गाभण असलेल्या सगळ्या माद्यांत दिसायला हवं होतं. तुमची आठ पिल्लं दोन वर्षांत विखुरलेल्या सहा वेतांतली आहेत. सासूबाईंना वही घेऊन शेजारी बसवा, बोट ठेवून दाखवा. त्यांना गेरू लावायचा असेल तर लावू द्या, डुकराला त्याचा त्रास नाही. त्यांना गोठ्याची काळजी आहे म्हणूनच त्या बोलतात.

आता नर. दुसऱ्या जिल्ह्यात पैदाशीसाठी तो न सांगता देऊ नका. यजमानांना वाटतंय की लांब गेला म्हणजे सुटलो. पण तिकडच्या अनोळखी माद्यांवर पहिली दोन वर्षं बहुधा सगळं स्वच्छच दिसेल, जसं तुमच्या ८३ पिल्लांत दिसलं. घेणारा खूश होऊन त्याच्या लेकी ठेवेल, शेजाऱ्यांना देईल, आणि मग एका पहाटे त्यांच्यातली कुणी बाई शेपटी उचलून बघेल. तुम्ही आज ज्या जागी उभ्या आहात तिथे दुसऱ्या कुणाला उभं करायचं का, एवढाच प्रश्न आहे, आणि तुमच्या पत्राचा सूर ऐकून मला वाटतं, तुमचं उत्तर ठरलेलं आहे. दुप्पट भाव जाईल हे खरं. लहान गोठ्याला तो भाव लागतो, हेही मला कळतं.

त्याला आजच हाकलायचीही गरज नाही. नवा नर येईपर्यंत क्रमांक १, २, ४ वर तो चालेल, मात्र ती सगळी पिल्लं मांसासाठी, एकही पैदाशीला नाही. बाहेरच्या माद्या त्याच्याकडे घेणं आजपासून बंद. मग पशुवैद्यकांकडून त्याचं खच्चीकरण करून घ्या. मोठ्या नराचं काम आहे, घरी करायचं नाही. काही आठवडे थांबून मांसासाठी विका. लगेच विकलात तर मांसाला नराचा उग्र वास राहतो. क्रमांक ३ आणि तिच्या दोन्ही लेकी पिल्लं तोडल्यावर एकेक करून मांसासाठीच जाऊ द्या. ३ नंबरसाठी तुमचा जीव तुटेल. क्रमांक १ ची लेक ठेवायची असेल तर ठेवा, पण नव्या नराकडे, आणि तिची दोन वेतं बघून निर्णय घ्या.

नवा नर आणताना फक्त अंगाने भरलेला बघू नका. त्याच्या आई-बापाची नोंद मागा, भावंडांत हर्निया होता का, दोन्ही अंडकोष खाली उतरलेले आहेत का, आचळं निदान बारा, चौदा असतील तर उत्तम, हे विचारा आणि बघा. आचळं नराचीही मोजायची, तो ती संख्या लेकींना देतो. तुम्हाला गोवा जवळ आहे. जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे डुकरांवर काम चालतं. नर, पिल्लं किंवा कृत्रिम रेतन यातलं काय मिळू शकतं याची चौकशी करा. गोव्याची 'आगोंदा गोअन' ही स्थानिक जात आता अधिकृत नोंदीत आहे, तिच्याबद्दलही विचारा, संकरासाठी ती माहिती उपयोगी पडेल. नवं जनावर आणलं की निदान महिनाभर वेगळं ठेवा. २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फिव्हर (वर सांगितलेल्या स्वाइन फिव्हरहून वेगळा आजार) देशात आहे आणि त्याने हर्नियापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं. हॉटेलचं खरकटं न उकळता घालणं त्याच कारणासाठी बंद करा.

शेजाऱ्यांना सांगा. तिन्ही घरांना, स्वतः जाऊन, वही घेऊन, दोघांनी मिळून. त्यांच्या पाचही माद्या तुमच्या नराच्या लेकी, आणि त्या पुन्हा बापाकडेच आणल्या जातात. परवाचं ते पिल्लू त्यातूनच आलं असावं. "आमच्याकडे असं असं दिसलं, तुमच्या माद्या आमच्या नराकडे आणू नका, दुसऱ्या रक्ताचा नर बघा, आणि त्यांच्या पिल्लांतल्या माद्या पैदाशीला ठेवू नका," एवढं पुरे. पाचांतल्या दोन क्रमांक ३ च्या आहेत, त्या कुठल्या हे नाव घेऊन सांगा. भरपाई द्यायची इच्छा असेल तर पैशांपेक्षा नव्या नराची पिल्लं द्यायचं कबूल करा. तेही झेपेल तेवढंच. चार घरांनी मिळून दोन नर आणायचे आणि दोन वर्षांनी अदलाबदल करायची, असंही बोलून बघा. एकच नर असलेल्या प्रत्येक लहान गोठ्याची हीच अडचण असते: लेकी वयात येतात आणि बाप अजून तरुण असतो. कोण पुन्हा घेईल, असं विचारता. एखादं घर रागावेल, कदाचित वर्षभर बोलणार नाही. पण जो माणूस स्वतःहून येऊन दोष सांगतो, त्याच्याकडून पिल्लू घेताना मला तरी भीती वाटली नसती.

तुमच्यासारख्या इतरांसाठी एक गोष्ट. हर्निया असलेल्या पिल्लाचं खच्चीकरण ब्लेडने नेहमीसारखं केलं की आतडं बाहेर येतं आणि पिल्लू हातात मरतं. म्हणून आधी पिल्लाला डोकं वर धरून पोट हलकेच दाबायचं. अंडकोषाची पिशवी एका बाजूला फुगली, मऊ लागली, तर पाती खाली ठेवायची आणि पशुवैद्यकांना बोलवायचं. ते टाके घालून दोन्ही कामं एकदम करतात आणि पिल्लू मांसाच्या वजनापर्यंत चांगलं वाढतं. त्याच्या सख्ख्या बहिणी मात्र पैदाशीला ठेवायच्या नाहीत, कितीही देखण्या असल्या तरी. बेंबीच्या फुगवट्याबद्दल जरा धीर धरा. त्यात नाळ ओढली जाणं आणि बेंबी पिकणं यांचाही मोठा हात असतो. जन्मतः नाळेला आयोडीन लावा आणि मग पुढच्या वेतात काय दिसतं ते बघा.

वहीत दोन रकाने वाढवा: बापाचा क्रमांक आणि आईच्या आईचा. पिल्लांच्या कानाला खाच किंवा बिल्ला हवाच, नाहीतर दीड वर्षाने कोण कुणाची ते तुम्हालाही आठवणार नाही.

तुम्ही लिहिलंय की क्रमांक ३ ची धाकटी लेक दोन आठवड्यांत विणार आहे, त्याच नरापासून. ते वेत आता बदलता येत नाही. त्या रात्री कोरडा पेंढा, दिवा आणि आयोडीन तयार ठेवा. प्रत्येक पिल्लू पुसलं की शेपटी उचलून बघा. गुदद्वार नसेल तर वाट बघू नका. पिल्लू पहिला दिवस दूध पितं, चांगलं दिसतं, मग पोट फुगायला लागतं. मादी पिल्लाला कधी योनीमार्गे शेण पडतं आणि ते जगतं, नराला ती वाट नसते. पशुवैद्यकांना त्याच दिवशी दाखवा. पडदा पातळ असेल, आतडं त्वचेच्या अगदी जवळ आलेलं असेल, तर वाट करून देता येते. तसं नसेल तर त्याला दिवसेंदिवस फुगत ठेवण्यापेक्षा शांतपणे सोडवायला डॉक्टरांना सांगा. यजमानांना त्या वेळी बरोबर घ्या, एकटीने बघू नका. आणि किती झाली, कशी झाली, ते त्या पानाचा फोटो काढून मला पाठवा.